लाल थरापाशी थांबा

बाई,

परवा ऑफिसातल्या पोरांनी मला पुन्हा टोकलं. मी आता कॉम्प्युटरवर बघायच्या डोंगरसहली तयार करते. माणसं घरबसल्या पायवाटेनं वर जातात, खडक जवळून न्याहाळतात, आणि सांगणारा आवाज माझा असतो. पोरं म्हणतात, मॅडम, त्या लाल थरापाशी इतका वेळ कशाला, लोक कंटाळतात. मी तो थांबा काढत नाही. कारण त्यांना काय सांगणार? तुम्हालाच लिहिते.

माधवनगरच्या शाळेतली आमची नववी तुमच्याबरोबर मेढ्याकडचा डोंगर बघायला गेली आणि पोलिओच्या पायामुळे मी घरी राहिले. आई म्हणाली, "जाऊ दे गं, नुसती दगडं तर हाईत तितं." मला ती दगडंच बघायची होती. दिवसभर मी दाराकडे पाठ करून बसले. रुसण्यात मी पटाईत होते.

मग एक दिवस तुम्ही फोटो स्टुडिओतून स्लाइड दाखवायचं यंत्र मागून आणलंत. खिडक्यांवर सतरंज्या, भिंतीवर पांढरी चादर. मी मागच्या बाकावर तोंड फुगवून बसले आहे आणि तुम्ही मला पुढं बोलावता. पहिल्या चित्रात त्याच डोंगराची साधी पायवाट. "चल," तुम्ही म्हणता. वाट चढते, काळा खडक येतो, त्यातल्या भोकांत पांढरे स्फटिक. तसाच एक तुकडा तुम्ही माझ्या हातात ठेवता, कायमचा. मग दोन काळ्या थरांच्या मधे विटेसारखी लाल माती दिसते, आणि तुम्ही चित्र पुढं सरकवतच नाही. मागून एकजण ओरडतो, "आवं बाई, म्होरलं दावा की! हितं आमी थांबलोच न्हवतो."

"तुम्ही जाऊन आलात. ही आत्ता चढतेय. दम खाऊ दे तिला."

वर्ग हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला नाही लागला दम," मी फटकन म्हणाले. तुम्ही माझ्याकडे न बघता शिकवायला लागलात. लाव्ह्याचा एक थर थंड झाला, दुसरा यायच्या आत फार काळ गेला, तेवढ्या काळात त्या पहिल्या थराच्या वरच्या खडकाची माती झाली, ती ही. "डोंगरसुद्धा इथं बसला होता. मग पुन्हा वाढला." हसणं थांबलं. मी त्या लाल पट्टीकडे बघत राहिले, आणि खरं सांगते, मला दम लागला होता. बऱ्याच वेळानं मीच म्हणाले, "बाई, चला आता."

माथ्याचं चित्र आलं तेव्हा तुम्ही खिडकीवरची सतरंजी ओढून काढलीत. चित्र पुसट झालं, पण वारा आत आला. त्या क्षणी तुमच्यावर किती जीव जडला, ते तुम्ही असेपर्यंत बोलायचं राहूनच गेलं. हा कागदही तुम्ही दिलेल्या त्या दगडाखाली राहील, दुसरं कुठं पाठवणार?

सहल संपली की लोक हमखास विचारतात, मॅडम, तुम्ही स्वतः वर गेलाय का हो? तो डोंगर मी अजून चढलेले नाही, आता चढणंही व्हायचं नाही. तरी मी बेधडक सांगते, "हो, नववीत. वर लय वारा होता."