गिअरबॉक्सला बाहेरून फिल्टर

११ सप्टेंबर, सोम.
गाडी पुन्हा अडकली. खराडी बायपासच्या सिग्नलला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आधी नुसता आवाज, मग धक्का, मागे कुंड्या एकमेकींवर. सं. काही बोलला नाही. मीही नाही. मागच्या रिक्षावाल्याने आमच्या दोघांच्या वाटचं बोलून घेतलं.
दुपारी सर्व्हिस सेंटर. तिथला माणूस म्हणे, "सर, ऑटोमॅटिकचं ऑइल लाइफटाइम असतं. बदलायचं नसतं." सं.ने विचारलं, "कुणाच्या लाइफटाइम?" तो हसला. मग म्हणाला, गिअरबॉक्सच नवीन टाका, आणि आकडा सांगितला. आम्ही चहा न घेता निघालो.
साधी गिअरची गाडी घेऊन उपयोग नाही. सं.चा डावा पाय लहानपणीच पोलिओत गेला, क्लच दाबता येत नाही. ही पिकअप बंद म्हणजे मांजरी गावातल्या नर्सरीतून सोसायट्यांना रोपं पोचवणं बंद. म्हणजे सं. बंद.

१२ सप्टें., मंगळ.
ऑफिस, घरूनच. ग्राहकांच्या तक्रारींची तिकिटं बंद केली. जेवले. झोपले.

१४ सप्टें., गुरु.
नागपूरहून आईचा फोन. "काहून नाही येत वो तू? तिथं कोण आहे तुले बोलाले?"
म्हटलं, संदीप आहे.
"तो बोलते का?"
म्हटलं, कुकर लावलाय, ठेवते.
बाळ जाऊन महिना झाला. सातवा लागला होता. त्या सकाळीही पिकअप अशीच अडकली होती, मुंढव्याच्या पुलावर, मी मागच्या सीटवर आडवी. सं. स्टिअरिंगवर हात आपटत होता. मग हॉस्पिटल. पुढचं लिहीत नाही. रडू आलं नाही, अजून येत नाही. लोक भेटायला येतात, तेच रडतात. मी त्यांना पाणी देते.

१९ सप्टें., मंगळ.
सोसायटीत गणपती बसले. सकाळपासून ढोल. आमच्याकडे काही नसतं, तरी वर्गणी आणि मोदक दोन्ही नियमाने चालतात.
गेटवर दोन पार्सलं. एक सं.चं, परदेशातून. दुसरं माझ्या नावाचं: बाळाची मच्छरदाणी, छत्रीसारखी उघडणारी. जुलैत मागवली होती, कुठेतरी अडकून पडलेली. दोन्हींवर सही केली. मच्छरदाणी न उघडता माळ्यावर.
सं.च्या पार्सलात फिल्टर. साध्या गाडीच्या ऑइल फिल्टरसारखाच डबा, त्याला बसवायला ॲल्युमिनियमचं डोकं, रबरी नळी, क्लिपा. जेवताना समजावत होता. गिअरबॉक्सच्या आत जाळी असते, पण सगळं खोलल्याशिवाय हाताला लागत नाही. तेल थंड व्हायला पुढच्या कूलरमध्ये जातं आणि परत येतं. त्या परतीच्या नळीत हा फिल्टर घालायचा. लोखंडाचा कीस यात अडकेल, तेल स्वच्छ राहील, धक्के कमी होतील. कदाचित.
महिनाभरात एवढं पहिल्यांदाच बोलला. मी आमटी वाढत राहिले.

२३ सप्टें., शनि.
आईला हो म्हटलं. नागपूरला जाते. तिथूनही लॉगिन होतं.
सं.ला सांगितलं. तो नर्सरीतल्या पिशव्या मोजत होता. मोजणं चुकलं, पुन्हा सुरुवात केली. मग म्हणाला, "रेल्वेने नको. मी सोडतो. फिल्टर बसू दे."
"नवरा म्हणून सोडतोयस की ड्रायव्हर म्हणून?"
"दोन्ही एकच माणूस आहे."
"किती दिवस?" असं त्याने विचारलं ते बऱ्याच वेळाने. म्हटलं, "बघू."
परत यायचं की नाही, मला माहीत नाही. भांडण नाही, काही नाही. या घरात आम्ही दोघं एकमेकांना चुकवत फिरतो, एक खोलीत आला की दुसरा पाणी प्यायला जातो. इथे लिहून ठेवते, म्हणजे मोठ्याने बोलावं लागणार नाही.

२६ सप्टें., मंगळ.
सं. दिवसभर लॅपटॉपवर परदेशी लोकांच्या गाड्यांचे फोटो बघतोय. सगळे आडवेतिडवे गाडीखाली झोपलेले, फक्त बूट दिसतात. ऑर्डरी राहिल्या. एका काकूंचा फोन मलाच, "अहो, माझी जास्वंद या वर्षी येणार आहे का?" म्हटलं, फुलायच्या आत येईल.

३० सप्टें., शनि.
लोणी काळभोरच्या अलीकडे बापूंचं गॅरेज. सं.ला गाडीखाली झोपून काम होत नाही, बापूंकडे खड्डा आहे, उभं राहता येतं. उतरताना बापूंनी हात दिला.
बापू खूश नव्हते. "कंपनीनं नाय लावला त्यो तुमी कशापायी लावताय? इतकी शानी मानसं हायती तितं."
सं. म्हणाला, "त्यांना गिअरबॉक्स विकायचाय."
"आन तुमाला?"
"नागपूरला जायचंय."
बापूंनी माझ्याकडे बघितलं. मग पाना सं.च्या हातात दिला.
फोटो बघून बघून सं.ने नळी कापली. तेल खाली ट्रेमध्ये. ते लाल असतं हे मला ठाऊक नव्हतं. बघवलं नाही, बाहेर येऊन टायरच्या ढिगावर बसले. कुणी हाक मारली नाही, बरं झालं.
संध्याकाळपर्यंत फिल्टर बसला. बापू नारळ आणायला निघाले. सं. म्हणाला, "आमच्यात नाही फोडत."
"मंग काय करता?"
"उद्या चालवून बघतो."

१ ऑक्टोबर, रवि.
चालवून बघितली. सोलापूर रोडने यवतच्या दिशेने. सुरुवातीला छान. दुसरा, तिसरा, चौथा, कळलंसुद्धा नाही. सं.चे खांदे खाली आले. मग उरुळीच्या पुढे गिअरबॉक्स तापल्याचा पिवळा दिवा लागला.
रसवंतीपाशी थांबलो. रस सांगितला, कुणी प्यायलं नाही. मी म्हटलं, "होईल रे."
"तू गप्प बस!" एवढ्या मोठ्याने कधी ओरडला नव्हता. रसवाला चरक थांबवून बघायला लागला. मग हळू आवाजात, "एक गोष्ट धड होत नाही माझ्याने. एक."
हे गिअरबॉक्सबद्दल नव्हतं, एवढं मला कळलं. पण मग कशाबद्दल, ते नाही कळलं. पंचवीसच्या स्पीडने घरी.

२ ऑक्टो., सोम.
चूक सापडली. फोटोतल्या गाड्या बाहेरच्या देशातल्या, स्टिअरिंग डावीकडे. आपलं उजवीकडे, तर नळ्यांची जागाही उलटी. याने फोटो बघून हुबेहूब बसवलं. परतीचं तेल फिल्टरमध्ये उलट्या बाजूने शिरत होतं, तिथल्या झडपेवर अडत होतं. ऐकून मला हसू येत होतं. आलं नाही शेवटी.
खात्री करायची तर एकच उपाय. कूलरच्या टोकाची नळी सोडून बाटलीत धरायची, क्षणभर इंजिन सुरू करायचं, तेल कुठून येतं ते बघायचं. एक माणूस खाली, एक वर. बापू गावी गेलेले, गॅरेजची किल्ली ठेवून. म्हणून मी वर.
सीटवरून तो दिसत नव्हता. बॉनेट उघडं, मधे सगळं लोखंड. फक्त आवाज.
"सुरू." केली. "बंद." केली.
"काही नाही आलं. दुसरी बघू."
दुसरी नळी सोडताना बराच वेळ लागला. मग खालून म्हणाला, "त्या दिवशी पुलावर अडकली नसती तर वाचलं असतं."
मी किल्लीवर हात ठेवून बसले होते.
"वीस मिनिटं गेली तिथे. तू काही बोलली नाहीस कधी. शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं."
तेव्हा माझ्या लक्षात आलं. हॉस्पिटलच्या दारात मला उतरवून तो गाडी लावायला गेला होता. वळणावर जागा नव्हती, लांब जावं लागलं. डॉक्टर मला आत घेऊन बोलल्या, मी एकटी होते. मला वाटलं, त्यालाही सांगितलं असणार. त्याला वाटलं, सांगण्यासारखं काही उरलंच नाही. महिना-दीड महिना आम्ही एका घरात जेवलो.
म्हटलं, "संदीप, ठोका आदल्या रात्रीच थांबला होता. डॉक्टर म्हणाल्या. आपण निघालो तेव्हा नव्हतंच काही. गाडी उडत गेली असती तरी."
खाली पाना फिरायचा थांबला.
"ऐकलंस का?"
"सुरू कर," तो म्हणाला.
केली. थांब म्हणेना. मीच बंद केली आणि खाली वाकून बघितलं. बाटली भरून हातावरून तेल ओघळत होतं आणि तो ती तशीच धरून उभा होता.
नळ्यांची अदलाबदल केली. क्लिपा मी आवळल्या, त्याचे हात तेलाने निसटत होते.

५ ऑक्टो., गुरु.
गाडी नीट. दिवा नाही, धक्का अगदी किंचित. काकूंची जास्वंद पोचली.
जेवताना सं. म्हणाला, "आदल्या रात्रीच?"
"हो."
"तुला कळलं होतं?"
"हालचाल कमी वाटली होती. वाटलं झोपलंय."
जेवण तिथेच थांबलं. पण कुणी पाणी प्यायला उठलं नाही.
आईचा फोन, "रविवारी निघून राहिले ना?" हो म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. बॅग अर्धी भरली.

८ ऑक्टो., रवि.
नागपूर. दिवसभराचा प्रवास. वाटेत गाडी एकदाही कुरकुरली नाही. दर थांब्याला सं. खाली वाकून क्लिपांना हात लावून बघत होता. मी दोनदा झोपले. जाग आली तेव्हा त्याने गाणी बंद केलेली होती.
आईने मला धरलं आणि रडली. मी तिला पाणी दिलं. सवय.
रात्री सं.ला बाहेरच्या खोलीत गादी.

९ ऑक्टो., सोम.
सं. सकाळीच निघाला. नर्सरीत पाणी घालायला कुणी नाही.
आईने डबा दिला. म्हणाली, "दिवाळीपर्यंत राहते आता हे." तो म्हणाला, "हो, राहू दे." माझ्याकडे न बघता.
मी गाडीपर्यंत गेले. तो काच खाली करून म्हणाला, "पहिला फिल्टर लवकर बदलायचा असतो. पुढच्या महिन्यात. कापून बघायचं, आत किती कीस आलाय ते."
"बापू आहेत की."
"हो. बापू आहेत."
एवढंच. मला काहीतरी वेगळं म्हणायचं होतं. अजूनही नक्की काय ते सुचत नाहीये. थांब म्हणायचं होतं, की मीही येते, की तू का नाही म्हणत ये म्हणून. त्याने गाडी सुरू केली.
आईच्या गल्लीला चढ आहे, आणि पुढे वळण. तिथे नक्की अडकणार, असं वाटलं. खरं सांगायचं तर अडकावी असं वाटलं. मनापासून. भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत. मी कान देऊन उभी होते. दुसरा. तिसरा. वळली. एकही धक्का नाही. आम्ही दोघांनी फार चांगलं काम केलं होतं.
आई दारातून म्हणाली, "आत ये ना वो, ऊन लागते."
तेव्हा कळलं की मी रडतेय.