वन्संनी निवडलेलं मशीन

४ फेब्रुवारी, मंगळवार

खांदा गेला! जायचाच होता. तेरा किलोचं शिलाई मशीन, तीन जिने, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर मशीन पायरीवर टेकवलं आणि त्याच्याच शेजारी बसले. वर्गातल्या बाकीच्या बायका पर्स लटकवावी तशी आपापली मशीनं घेऊन माझ्या बाजूने वर गेल्या. क्विल्ट शिकवणाऱ्या बाई वरून वाकून म्हणाल्या, "अहो, प्रवासाचं छोटं घ्या आता एक! पुढच्या महिन्यात तळ्याकाठी शिबिर आहे, तिथे तर बसथांब्यापासून चालायचंय."

घरी हे म्हणाले, "गोधडी शिवायला हमाल ठेव." आणि आपल्याच विनोदावर हसत बसले.

६ फेब्रुवारी

काय काय हवं ते लिहून काढलं. वजन सात किलोच्या आत. वरचं कापड, मधला कापूस, खालचं अस्तर – तिन्ही थर न कुरकुरता ओढणारं. सुईच्या उजवीकडे गुंडाळलेली क्विल्ट मावेल एवढी जागा.

ह्यांनी खाली लिहिलं – 'चहा करणारं'.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही.

दुकानात जायला ह्यांना वेळ नव्हता. "ताईला ने. तेवढंच तिला बाहेर पडणं होईल." वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. एकोणीस वर्षं आमच्याकडे असतात. कान पूर्ण गेलेले. ओठ वाचतात, बोलतात अगदी मोजकं. खरं सांगायचं तर मला त्यांना न्यायचं नव्हतं. हा वर्ग, हे मशीन – एवढंच काय ते माझं एकटीचं होतं.

दुकानदाराने पांढरंशुभ्र, पडदाबिडदा असलेलं मशीन पुढे केलं. दोनशे प्रकारचे टाके! मी तर बघताक्षणीच विरघळले. तोवर वन्संनी पिशवी खाली ठेवली, मशीनच्या पाठीवर तळहात टेकवला आणि म्हणाल्या, "चालव."

मी पेडल दाबलं. वन्संनी डोळे मिटले.

"लंगडतंय."

दुकानदार हसला. दुसरं लावलं. पुन्हा तळहात. "याचा कापड ओढणारा दात डावीकडे कमी उचलतोय." आता मात्र तो चिडला. स्क्रू काढून पत्रा उचलला, वाकून पाहिलं, मग चष्मा लावून पाहिलं. केसभर फरक होता. केसभर!

नंतर तो स्वतःच एकेक मशीन आणून वन्संच्या हाताखाली ठेवू लागला. मी आपली पेडल मारायला.

शेवटी त्या कोपऱ्यातल्या एका करड्या, रंग उडालेल्या मशीनपाशी गेल्या. कुणीतरी बदलून नवं नेलं तेव्हा टाकून गेलेलं. सहा किलो. मी चालवलं. वन्संचा हात बराच वेळ तिथेच राहिला.

"हे."

"अहो ताई, त्यावर एकच टाका येतो!" दुकानदार म्हणाला.

"एकच लागतो," वन्सं म्हणाल्या.

येताना बसमध्ये विचारलं, हे कसं कळतं तुम्हाला? म्हणाल्या, "कारखान्यात होते ना. छत्र्या शिवायचे."

"पावसाच्या?"

"माणसांच्या. विमानातून उडी मारतात, त्यांच्या." वन्संना आपला आवाज केवढा ते कळत नाही. अख्खी बस ऐकत होती. "एका दालनात दोनशे मशीनं. कान गेले हळूहळू. शेवटी शेवटी हातानेच ऐकायचे. एक टाका सुटून चालायचं नाही."

'कारखान्यात होत्या' एवढं मला माहीत होतं. बिस्किटांच्या असतील, असं मी धरून चालले होते.

९ फेब्रुवारी

ह्यांना म्हटलं, मला कधी बोलला नाहीत! तर म्हणे, "तुला माहीत असेल असं वाटलं. एकोणीस वर्षं झाली की!"

मी मशीनला तेल घालायला घेतलं.

११ फेब्रुवारी

तीन जिने. न थांबता!! आणि टाका काय पडतो – ओळीने मुंग्या चालाव्यात तसा. बाईंनी कापड उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. "कुठे मिळालं हे?" सांगितलं, "माझ्या नणंदेने निवडलं." सांगताना छाती उगाचच फुगली.

२ मार्च

शिबिराला सोबत एक माणूस आणलं तर चालतं. वन्संना विचारलं. त्यांनी उठून आपली बॅग पुसायला घेतली.

७ मार्च, शुक्रवार

तळ्याकाठी पोचलो. मोठं दालन, लांबच लांब टेबल, चौदा मशीनं, जमिनीवर वायरींचं जाळं. वन्सं खिडकीत बसून पाणी बघतात. त्यांना कंटाळा आला तर काय करायचं, याचीच मला धास्ती.

८ मार्च

कंटाळा!

सकाळी बाईंचं मशीन अडलं. दोरा गोळा होऊन सुईखाली घरटं झालं. टेबलावर त्यांची प्रदर्शनाची क्विल्ट अर्धी पसरलेली, पलंगभर मोठी. वन्सं उठल्या. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकवले आणि हळूहळू चालायला लागल्या. तेरा मशीनं चालू होती. एकीला म्हणाल्या, "सुई बोथट झालीये तुझी." पुढचीला, "बॉबिन उलटं घातलंस." तिसरीच्या खांद्यावर थोपटून, "तुझं छान चाललंय." एकही चुकलं नाही. एकही!

मग बाईंचं मशीन उघडलं, घरटं काढलं, पुसलं, तेलाचा थेंब सोडला. म्हणाल्या, "याला दोन तास विश्रांती द्या." आणि बाईंची क्विल्ट उचलून माझ्या करड्या मशीनवर बसल्या. विचारलंसुद्धा नाही!

खुणा नाहीत, पट्टी नाही. कापडावर दोन तळवे पसरले नि ते कापड पाण्यावर सोडल्यासारखं फिरायला लागलं. वळण, त्यातून वळण, पान, पानाची शीर. हात घाईत नव्हते, पण थांबतही नव्हते. एकोणीस वर्षांत मी या हातांना तांदूळ निवडताना पाहिलंय, शर्टाचं बटण लावताना पाहिलंय. हे हात मी कधी पाहिलेच नव्हते.

एकेक करत सगळ्यांनी मशीनं थांबवली. टेबल थरथरायचं थांबलं तशा वन्संनी मान वर केली.

"काय झालं? सगळ्यांचाच दोरा संपला?"

९ मार्च, रविवार

लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

निघताना शिबिराच्या व्यवस्थापक आल्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या, झपझप चालणाऱ्या. "यांना आमच्याकडे ठेवून घेऊ का? सहा महिने शिबिरं असतात. मशीनं सांभाळायची, शिकवायचं. राहायला खोली देऊ."

आणि मी म्हणाले – "छे छे, त्यांना कुठलं जमायला! ऐकू येत नाही. एकट्या कुठे जात नाहीत त्या."

वन्सं समोरच उभ्या होत्या. त्या ओठ वाचतात, हे एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदाच विसरले.

त्यांनी मशीनची वायर कोपराभोवती गुंडाळली. नीट, एकसारखे वेढे. बसमध्ये बाहेर बघत राहिल्या.

१२ मार्च

तीन दिवस वन्सं नेहमीसारख्याच आहेत. तेच जास्त लागतंय. मंगळवारी मी वर्गाला गेले, पण मन लागलं नाही.

मी का तसं बोलले? काळजीने, असं लिहून मोकळी होता येईल. पण काळजी नव्हती ती. सवय होती. या बाईच्या टाक्यांवर भरवसा ठेवून माणसं आकाशातून उड्या मारत होती, आणि मी त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानात एकटीने जाऊ देत नाही! 'वन्सं आमच्याकडे असतात' – किती वेळा म्हटलंय मी हे, आणि दरवेळी कसल्या मोठेपणाने.

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, विनोद केला नाही. मग म्हणाले, "मग जा की. जाऊन सांग त्या बाईला, चूक झाली म्हणून."

उद्या जाते.

१३ मार्च, गुरुवार

दोन बस बदलून पोचले. वाटेत शंभरदा घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. व्यवस्थापकांनी चष्मा काढून पुसला.

"अहो, त्या मंगळवारीच येऊन गेल्या! एकट्याच. खोली बघितली, टेबल कुठे हवं ते सांगितलं, होकार दिला. अट मात्र एक घातलीये – 'माझ्या भावजयीला पहिल्या तुकडीत घ्या. नवशिक्यांच्या.'"