बिनऔषधाची पिल्लं

७ जानेवारी १९५४
काहीतरी गडबड आहे! बिनऔषधाच्या पिंजऱ्यातली पिल्लं मजेत दाणे टिपतायत. मलेरिया झालेल्या कोंबडीचं रक्त मीच त्यांना टोचलंय. एव्हाना माना टाकायला हव्या होत्या. दुसऱ्या पिंजऱ्याला पॅलुड्रिन हे एकच मलेरियाचं औषध, तिसऱ्याला पॅलुड्रिन आणि सल्फा ही दोन औषधं एकत्र — जोडी एकट्यापेक्षा भारी पडते का, एवढंच बघायचंय. पण बिनऔषधाची आजारीच पडली नाहीत, तर तुलना कशाशी करू?

९ जानेवारी
त्यांना कुणीतरी चोरून औषध देतंय. पिंजऱ्यांच्या किल्ल्या दोघींकडेच — मी आणि शशिकला, नवी मदतनीस. पिल्लांशी बोलत बसते. परवा म्हणाली, "पद्मजाताई, इन बेचारों का क्या कसूर?"

१० जानेवारी
आज मुद्दाम लवकर गेले. शशिकला त्याच बिनऔषधाच्या पिंजऱ्यात हात घालून वाकलेली. मला बघून दचकली! "पाणी बदलत होते," म्हणे. पाणी शिळंच होतं. वर तरंगणारं पीस तसंच.

१३ जानेवारी
सरांना सांगितलं. डॉ. चिंतामणराव रागावत नाहीत, नुसता चष्मा पुसतात. "खात्री आहे?" "हो, सर." हीच जोडी पुढं रुग्णांना द्यायचं त्यांच्या मनात आहे. इथं निकाल खोटा लागला तर तिथं माणसं मरतील. शशिकलेला बोलावलं. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. किल्ली टेबलावर ठेवली नि गेली.

१४ जानेवारी
संक्रांत. प्रयोगशाळेत कुणी कुणाला तिळगूळ दिला नाही.

२ फेब्रुवारी
नवी पिल्लं, नवं रक्त, किल्ली एकट्या माझ्याकडे. आणि बिनऔषधाची पुन्हा ठणठणीत! म्हणजे शशिकला...

३ फेब्रुवारी
सगळ्या पिंजऱ्यांत सारखं काय? पाणी आणि दाणा. पाणी नळाचं. दाणा सियागंजच्या बाजारातून येतो — तडक तिथं गेले. दुकानदार खूश. "नया माल है, बहनजी! इसमें सल्फा मिलाया है. चूजों को दस्त नहीं लगते." तो पुढंही बरंच बोलला. मला काही ऐकूच येईना. आमचा एकही पिंजरा बिनऔषधाचा नव्हता! आणि मी त्या पोरीची नोकरी घालवली.
सरांना सांगितलं. "सगळं पहिल्यापासून," म्हणाले. मग, "तिच्या घरी जायला हवं. दोघांनी."

५ फेब्रुवारी
पलासियाला तिच्या घरी गेलो. शशिकलेची आई, द्वारकाबाई, दारातच — "आता अजून काय राहिलंय?" सर हात जोडून उभे राहिले. इतक्या मोठ्या माणसाला असं बघवेना. चूक माझी! सर म्हणाले, "सोमवारपासून या, शशिकलाबाई. आमचा गैरसमज झाला." शशिकलेनं मान डोलावली. माझ्याकडे बघितलं नाही. चहा मात्र आला.

८ फेब्रुवारी
शशिकला आली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनंच अडवलं. "नको, पद्मजाताई. तुम्ही लवकर आलात त्या सकाळी एक पिल्लू मलूल दिसलं. त्याला पॅलुड्रिनचा तुकडा मी खरंच चारला होता. आत्ताच सरांना सांगून आले."