तीन चेंडू ढिम्म

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा पूर्ण श्वास घेऊन केलेला नमस्कार. (पूर्ण म्हणजे किती, ते पुढे येईलच.) तुझे गुडघे, भावोजींचा रक्तदाब आणि तुम्हा दोघांचं भांडण, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. मी न्यूमोनियातून उठून घरी आलो आणि आल्याआल्या माझी अब्रू गेली.

इस्पितळातून सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी प्लास्टिकचं एक यंत्र हातात दिलं. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलका चेंडू, आणि बाजूला तोंडात धरायची लवचीक नळी. ते कसं वापरायचं हे बाई मला सांगत होत्या आणि बँडमध्ये मी सूर किती लांबवतो हे मी बाईंना सांगत होतो, त्यामुळे दोघांपैकी एकालाच ऐकू आलं. (त्या बिचाऱ्यांनी सगळं ऐकलं.) डॉक्टरांनी मात्र बजावलं की तिन्ही चेंडू वर जाऊन थांबेपर्यंत ट्रम्पेटला हात लावायचा नाही. मी मनात हसलो. बँडच्या पहिल्या खुर्चीवर, म्हणजे मुख्य ट्रम्पेटवाल्याच्या जागेवर बसून उभा जन्म फुंकण्यात घालवलेल्या माणसाला चेंडूंची भीती काय घालता?

घरी येऊन नळी तोंडात धरली आणि अशी फुंकली की गाल दुखले. चेंडू ढिम्म. संध्याकाळपर्यंत कानांना दडे बसले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, चेंडू ढिम्मच. मग माझं धाबं दणाणलं. माझ्या खुर्चीवर सध्या तुझा चिरंजीव, म्हणजे मीच शिकवलेला भाचा बसतो, आणि हे ‘सध्या’ मी बँडमास्तरांकडून दोनदा वदवून घेतलं होतं. फुप्फुसं गेली म्हणजे खुर्ची गेली. मी भिंतीकडे तोंड करून झोपलो, जेवलोही नाही. (थोडं जेवलो.)

शेवटी तुझ्या भावजयीनं वैतागून यंत्र उचललं आणि सरबत ओढावं तशी हवा आत ओढली. तिन्ही चेंडू टणाटण वर.

“फुंकायचं नव्हतंच मुळी, आत घ्यायचं होतं,” ती म्हणाली. “जन्मात कधी काही आत घेतलंयत का? बाहेरच सोडत आलात.”

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेलो आणि या खेपेला तोंड मिटून बसलो. ताई, फुप्फुसं स्वतः हवा ओढतात असं आपण समजतो ना? साफ चूक. ती बापडी मऊ, त्यांच्यात ओढायची ताकदच नाही. खाली श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. तो खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीत जागा होते, आणि मोकळी खोली दिसली की पाहुणे यावेत तशी हवा येते. नाकातून श्वासनलिकेत, तिथून फांद्याफांद्यांनी पार बारीक फुग्यांपर्यंत. त्यांना वायुकोश म्हणतात. तिथे रक्त प्राणवायू उचलतं आणि नको असलेला वायू परत करतं. माझे काही वायुकोश न्यूमोनियानं पाण्यानं भरून ठेवले होते, ते नीट उघडावेत म्हणून हा व्यायाम. शिवाय उजव्या फुप्फुसाचे तीन खण आणि डाव्याचे दोनच, कारण हृदयानं तिकडे बिऱ्हाड थाटलंय. लहानपणी एका पलंगावर आपण दोघं झोपायचो तेव्हा डावीकडे अंग चोरून कोण असायचं, ते मी बाईंना सांगितलं नाही.

आता दोन चेंडू वर राहतात. तिसरा निम्म्यावर येऊन विचारात पडतो.

भावोजींना नमस्कार, आणि तू स्वतःला जप.

तुझा धाकटा

ता. क. चिरंजीवांना सांग, मामा महिन्याभरात येतोय, खुर्ची फार उबदार करू नकोस.

आणखी एक ता. क. वरचं सांगू नकोस. काल फिरायला गेलो तो बँडच्या तालमीच्या खोलीपाशी थांबलो. खिडकीतून पोरगा दिसत होता. त्यानं आधी शांतपणे श्वास भरून घेतला, मग तो लांब सूर लावला, आणि सूर संपेपर्यंत मीच श्वास घ्यायचा विसरलो. ताई, तो माझ्यापेक्षा चांगला वाजवतो. मला फार आनंद झाला आणि थोडं रडूही आलं. पहिली खुर्ची त्याचीच राहू दे. फक्त मामाला शेजारची दुसरी हवी आहे, एवढं त्यानंच बँडमास्तरांना सांगावं. मी विचारायला गेलो तर माझ्या तोंडून ‘पहिली’च निघेल.