बर्फावरची फळी

अण्णा,

तळ्याच्या मधोमध आता क्वाड, म्हणजे चार जाड चाकांची उघडी मोटरगाडी, नेता येईल. आमच्या स्केटिंग क्लबचे आइसमेस्टर, म्हणजे बर्फावर कोणी उतरायचं हे ठरवणारे आजोबा, यांनी दुपारी गिरमिटाने भोकं पाडून जाडी मोजली आणि तसं सांगितलं. काठाशी बर्फ चांगला आहे, मध्ये जेमतेम. म्हणून चालवणारं माणूस हलकं हवं, ही त्यांची अट. क्लबात क्वाड चालवणाऱ्यांमध्ये सगळ्यांत हलकी तुमची नात आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. आता कॉलेजात जाते. मराठी सगळं समजतं. बोलायची वेळ आली की डच निघतं, फक्त वाद घालायचा असला तर मराठी आठवतं.

न्यूनेन या आमच्या डच गावाजवळच्या या तळ्यावर कित्येक हिवाळे बर्फ धरला नव्हता. यंदा धरला आणि लगेच त्यावर हिम पडलं. गाव खूश झालं, आइसमेस्टर नाही. हिम गोधडीसारखं पसरतं, खाली थंडी पोचत नाही, बर्फ वाढत नाही. काठाकाठाने आम्ही फावड्यांनी थोडं साफ केलं, पण तळ्याच्या मधून वळसा घेणारी स्केटिंगची वाट हातांनी होण्यातली नाही, आणि विकतची यंत्रं या बर्फाला जड. तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंजिनिअर खरा, पण चिप बनवणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग स्क्रीनवर तपासणारा. वेल्डिंग कॉलेजात केलं तेवढंच.

मी मला ठाऊक होतं तेच बनवलं, तुमची मैदान सपाट करायची फळी. शाळेचं खो-खोचं मैदान. सामन्याच्या आदल्या दिवशी तुम्ही पाणी मारून घेताय, पोरं दोर ओढताहेत, आणि फळीवर वजन म्हणून मी बसलोय. मजा म्हणून मी पाय खाली सोडला आणि मैदानभर चर उमटला. तुम्ही शिट्टी वाजवलीत. सगळ्या संघासमोर म्हणालात, "हा रस्ता कुठे जातो ते आम्हालाही सांग." घरी मुलगा, मैदानावर विद्यार्थी, तिथे मला तुम्हाला 'सर' म्हणावं लागायचं. तो चर मी हातांनी बुजवला आणि तुम्ही शेजारी उभे राहून मातीवर पाणी शिंपडत राहिलात.

तर गॅरेजमध्ये जुन्या रॅकच्या लोखंडी पट्ट्यांची चौकट केली, खाली जाड रबर लावलं आणि वर वजनासाठी रुंद फळी. आइसमेस्टर तिच्याभोवती फिरले, बुटाने फळी दाबून पाहिली.

"हे कशाला?"

"वाळूची पोती ठेवायला. नाहीतर मी उभा राहीन."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. "जमीन दाबलेली चालते. हा बर्फ पाण्यावर आहे. तो आपल्याला उचलून धरतोय आणि तू त्याच्या डोक्यावर ओझं द्यायला निघालास."

बायको थर्मास घेऊन उभी होती. ती मला मराठीत म्हणाली, "मी इतकी वर्षं सांगतेय, वजन कमी कर. आता गावाने ठराव केला."

फळी कापली. वजन गेल्यावर चौकट हिमाच्या कडक पापुद्र्यावरून नुसती घसरू लागली. मग पुढे दातेरी पट्टी तिरकी बसवली, म्हणजे ओढलं की ती आपोआप रुतेल, आणि मागे झाडण्याचे राठ खराटे. क्वाड आणि चौकट यांचा भार एका जागी येऊ नये म्हणून मध्ये लांब दोर दिला. आज काठावर चाचणी घेतली. मागे काळा, स्वच्छ बर्फ उघडा पडत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांतच मुलगी म्हणाली, "मधली वाट मी करणार."

जेवताना मी म्हणालो, "बघू."

"बाबा, तुझं 'बघू' म्हणजे 'नाही' असतं."

"मध्ये खोल आहे."

"मला पोहता येतं. इथे शाळेत असतानाच कपडे-बूट घालून पोहायला लावतात. बर्फाखाली अडकल्याचा सराव म्हणून पाण्यात ताडपत्री सोडतात आणि तिच्या भोकातून पलीकडे जायचं."

"ती ताडपत्री असते. त्या तलावाचं पाणी गरम असतं."

"मग तुझ्या मशीनवर भरवसा नाही का?"

"मशीन मागे असेल. पुढे तू असशील."

ती हसली नाही. आईकडे वळली. आईने तिच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "लाइफ जॅकेट जाकिटाच्या वरून घाल. आत नको."

म्हणजे ठरलं. मी भातावर वरण घेतलं आणि तसंच ठेवलं.

आता ती वर तिच्या खोलीत आहे, गाणं लावलंय. हे पत्र पाठवण्याचा प्रश्नच नाही, तुम्ही गेलात त्याला मुलीच्या वयाहून जास्त काळ लोटला. पण गावात आज हे कोणाजवळ बोलता येण्यासारखं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. सगळे खिडकीतून थर्मामीटर बघताहेत, पारा आणखी उतरू दे म्हणून. मी जेवण झाल्यापासून हवामानाचं पान पुन्हापुन्हा उघडतोय, कुठे पाऊस दिसतो का, वारा फिरतो का, पारा शून्याच्या वर जाईल का. यंत्र मीच बांधलं, आणि ते उद्या लागूच नये असं वाटणारा गावात मी एकटा असेन.

पाऊस दिसत नाही. रात्रभर कडाक्याची थंडी आहे. सकाळी उजाडल्यावर आइसमेस्टर मध्ये जाऊन पुन्हा एकदा भोक पाडतील आणि निघायची खूण म्हणून हात वर करतील. मग ती निघेल.