भूक नाही म्हणणारे जंतू

तीर्थरूप आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगते, मी वेळेवर जेवते. खोली उबदार आहे. खोकला गेलाय, म्हणजे जवळजवळ गेलाय.

तू विचारतेस, दिवसभर जंतूंचं काय करतेस. काचेच्या बशीत त्यांना कडेकडून मोजकंच खायला द्यायचं आणि त्यांची वस्ती कशी वाढेल याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं. माझ्या गणितात कडेचे सगळं फस्त करायचे आणि मधले उपाशी मरायचे. बशीत मात्र मधले ठणठणीत. आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, "जंतू नाही चुकत, तू चुकतेस."

मग बशीकडे नीट बघत बसले. कडेचे जंतू मधूनमधून वाढायचे थांबतात, तेवढ्यात अन्न आत पोचतं. मी धरून चालले होते, समोर आलं की जो तो खाणारच. तुझ्या पोटची असून मला हे सुचू नये!

तुझं ते "मला आज भूकच नाही" एवढं गणितात घातलं आणि सगळं जुळलं.

ताईने तुझा फोटो पाठवला. त्यात हात वर केलायस, तर बांगड्या पार कोपरापर्यंत घसरल्यात. बाबांचं पथ्य सांभाळतेस, तुझं काय? आम्ही दोघी आता आपापलं कमावून खातो. आत कुणी उपाशी नाही, आई. तू जेव.

तुझी,
धाकटी