प्रवाशांची खुर्ची

आई,

गेल्या महिन्यात आपल्या बसच्या मंडळाची सभा झाली, आणि तेव्हापासून दाराची बेल वाजली की मी आधी भिंतीला टेकून उभी राहते. श्वास रोखून. मग हळूच भोकातून बाहेर बघते. दूधवाला असला तरी कडी काढायला हात लगेच पुढे होत नाही. लेक हसते मला. "आई, बँक लुटून आलीस की काय?" म्हणते. बोळिंजच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारी, सगळा जन्म शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई दूधवाल्याला घाबरते, हे तुला कसं सांगू? तू असतीस तर कमरेवर हात ठेवून म्हणाली असतीस, "कोन हाय तो? बोलाव त्याला इथं." तुला मी आजवर एकही पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, कोणाला तरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि आपल्या दोघींच्या मध्ये तिसरं माणूस आलं असतं. आता ती अडचण उरली नाही.

मंडळ म्हणजे काय ते आधी सांगते. तुझ्या वेळी खाडीकडे येणारी एकच गाडी होती. सकाळी यायची, संध्याकाळी यायची, कधी यायचीच नाही. आता शहराच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या सगळ्या बस एकाच मंडळाकडे आहेत. कुठली गाडी कुठे जाणार, दिवसातून किती वेळा, कुठली फेरी बंद होणार, हे तिथे नऊ माणसं ठरवतात. त्यातली सात साहेब आणि पुढारी. आठवी खुर्ची बस चालवणाऱ्यांच्या माणसाची, आणि नववी प्रवाशांची. त्या नवव्या खुर्चीवर तीन वर्षं झाली, मी बसते. खाडीकडच्या बायकांनी माझं नाव सुचवलं. त्यांना वाटलं, तुझी मुलगी म्हणजे तुझ्यासारखीच असणार.

त्यांचं तरी काय चुकलं? त्या सकाळची गोष्ट अजून गावात सांगतात. मी चौथीत आहे. गाडीला नवा कंडक्टर आलाय आणि तो म्हणतो, पाटीवाल्या बायका चढणार नाहीत, सीट खराब होतात. पाच-सहा बायका मागे सरतात. तू सरत नाहीस. डोक्यावरची भाजीची पाटी उतरवून तू ती गाडीच्या पायरीवर ठेवतेस आणि शेजारी बसतेस. पदराने वारा घेत. गाडी हलू शकत नाही. कंडक्टर ओरडतो, ड्रायव्हर खाली उतरतो, आतली माणसं घड्याळं बघतात, आणि मी शाळेचा गणवेश घालून थांब्याच्या शेडमागे उभी आहे, देवाला सांगते आहे की ही माझी आई आहे हे कोणाला कळू देऊ नको. डेपोतून साहेब येईपर्यंत तू उठली नाहीस. दोन दिवसांनी त्याच साहेबाने तुम्हा बायकांना ऑफिसात बोलावलं. तिथून आलीस ती तशीच चुलीपुढे बसलीस, कोळंबी सोलायला घेतलीस, आणि म्हणालीस, "खुर्ची दिली मना. पन कोनी काय इचारलाच नाय. मंग मीच बोलले." पुढच्या आठवड्यापासून पाट्या मागच्या दाराने चढायला लागल्या.

मला मात्र ते आवडलं नव्हतं. मी तुला म्हटलं, "माझ्या शाळेच्या गाडीला तू येत जाऊ नको. पाटीचा वास येतो." तू वर बघितलंस. मला वाटलं आता मार बसणार. तू म्हणालीस, "वास येतो तं खिडकी उघड. गाडी सगल्यांची हाय." आणि पुन्हा कोळंबीकडे वळलीस. त्या दिवशी मी फक्त तुझा चेहरा बघितला. तुझे हात बघायला हवे होते. ते थरथरत होते का, हे मला आता कळायला हवंय, आणि सांगणारं कोणी नाही.

या वर्षी मंडळाच्या सभासदांना एक छापील कागद आला. वर लिहिलं होतं, मंडळाची फेररचना. आत सरळ होतं: कामगारांची आणि प्रवाशांची खुर्ची काढायची आणि त्या जागी अध्यक्ष नेमतील ते दोन तज्ज्ञ बसवायचे. अध्यक्ष सभेत म्हणाले, "भावनेवर बस चालत नाही. जाणकार माणसं हवीत." ते तज्ज्ञ कोण असणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा आराखडाही तयार होता. खाडीकडच्या सकाळच्या दोन फेऱ्या बंद, आणि शनिवार-रविवारी त्याच गाड्या राजोडीच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी. रचना बदलायला नऊपैकी सहा मतं लागतात. अध्यक्षांकडे पाच होती. विरोधात तिघं पक्के होते: बस चालवणाऱ्यांचे प्रतिनिधी, म्हणजे एक जुने ड्रायव्हर, भुईगावकडचे एक वयस्क सभासद, आणि एक निवृत्त इंजिनिअर. राहिले मी. माझं मत सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. स्वतःची खुर्ची कोण काढायला देईल?

तो माणूस एका सकाळी अकराच्या सुमाराला आला. लेक कामावर गेली होती. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. अध्यक्षांबरोबर सभेला येतो आणि मागे बसतो, म्हणून चेहरा ओळखीचा होता. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या त्याने. चहा घेतला, छान झालाय म्हणाला. माझ्या शाळेची चौकशी केली. मग म्हणाला, "बाई, आता तुमचं आराम करायचं वय. या दगदगीतून मोकळ्या व्हा. मानाने निरोप देऊ आम्ही."

"मग प्रवाशांचं कोण बघणार?"

"तज्ज्ञ येतायत ना." त्याने कपबशी हलकेच खाली ठेवली. "तुमच्या कन्या, ताई, आपल्याच बसपासच्या खिडकीवर आहेत ना? कंत्राटावर. पक्क्या व्हायच्यात अजून."

मी मान हलवली.

"स्कूटीवरून जातात. सव्वानऊला निघतात. वाटेतल्या त्या वळणावर रस्ता फार वाईट झालाय, बाई. डंपर असतात मोठमोठे. जपून जायला सांगा त्यांना."

एवढंच. आवाज चढला नाही, काही नाही. जाताना वाकून नमस्कार केला. तो जिना उतरून गेला तरी मी सोफ्यावर तशीच बसून राहिले. पोलिसांत जाऊन काय सांगणार होते? की एका माणसाने माझ्या लेकीला जपून जायला सांगितलं? मिठाईचा पुडा मी उघडला नाही, आणि टाकलाही नाही. कचऱ्यात टाकताना कोणी बघेल अशी भीती वाटली. तो फ्रीजमध्ये पडून राहिला, बुरशी येईपर्यंत.

लेकीला काही बोलले नाही. "स्कूटी नको, रिक्षाने जा," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "रोज रिक्षा? वेड लागलंय का तुला?" आणि सव्वानऊला स्कूटीवरून गेली. मी गॅलरीत उभी राहिले. ती पोचल्यावर फोन करेल म्हणून मोबाइल हातात धरून भाजी चिरली, बोट कापून घेतलं. फोन आला नाही, मग मीच केला. तिच्या मागे खिडकीवरच्या माणसांचा आवाज येत होता. "काय गं आई?" "काही नाही," म्हटलं. असे अकरा दिवस.

मधल्या एका दिवशी खाडीकडे गेले. तुझ्याबरोबर भाजी विकायची ती मावशी अजून आहे. डोळ्यांनी अधू झालीय, पण वाल, माठ, काकडी जे होईल ते घेऊन अजून सकाळच्या गाडीला बसते. सून चढवते, तिकडे उतरवून घ्यायला कोणीतरी असतं. मी तिला सांगायला गेले होते की मावशी, या वेळी काही खरं नाही. तिने माझा हात धरला. म्हणाली, "लोकं काय काय बोलतान. मी बोलले, तिची पोर हाय तिथं बसलेली. आपली गाडी नाय बंद होत." मी पाणी प्यायले आणि परत आले. सांगायचं होतं ते सांगितलंच नाही.

सभा दुपारी तीनला होती. घरून निघताना मी नेसलेली साडी बदलली, मग पुन्हा तीच नेसले. सभागृहाच्या बाहेर ते जुने ड्रायव्हर उभे होते. "बाई, आज तुमच्यावर आहे सगळं," म्हणाले आणि हसले. माझ्याबद्दल त्यांच्या मनात काडीचीही शंका नव्हती. आत एसी इतका होता की बोटं गार पडली. अध्यक्षांच्या मागच्या खुर्चीत तो पांढऱ्या शर्टाचा माणूस होता. त्याने मला बघून नेहमीसारखा नमस्कार केला. मी पण केला. आई, मी पण केला.

नावं घेऊन मत विचारत होते. सभेचं टिपण लिहिणारे कारकून, निवृत्तीला आलेले, अबोल, माझ्या शेजारी बसून नाव पुकारत आणि उत्तर लिहीत. पाच जण बाजूने म्हणाले, तिघं विरोधात. मग माझं नाव आलं. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की जीभ टाळूला चिकटलेली. माझ्या तोंडून एक शब्द निघाला. कारकुनांनी मान खाली घालून लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "बाजूने. सहा विरुद्ध तीन."

समोर त्या ड्रायव्हरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ज्याला काही ऐकूच आलं नाही असा माणूस बघतो ना, तसं. मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्या हातांकडे बघत बसले. कोणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली होती. मी उठले. खुर्ची मागे आपटली.

"नाही," मी म्हटलं. "चुकीचं लिहिलंय. मी नाही म्हटलंय. माझं मत विरोधात आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, नीट विचार करून बोला."

"मी विरोधात आहे," मी पुन्हा म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही, शाळेत मागच्या बाकावर पोचवायचा तसा निघाला होता.

अध्यक्ष कारकुनांवर भडकले. "काय हो, कानात काय बोळे घातलेत? इतक्या वर्षांच्या नोकरीत साधं हो-नाही कळत नाही? सभेचा खेळ केला तुम्ही." कारकून उभे राहिले. "माफ करा साहेब," म्हणाले, "माझी ऐकण्यात चूक झाली." आणि त्यांनी आधीची ओळ खोडून नवी लिहिली, खाली सही केली. सहा मतं झाली नाहीत. ठराव पडला.

आता पुढचं सांगते. खाडीकडच्या दोन्ही फेऱ्या चालू आहेत. लेकीचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. तिला मी तेव्हा सगळं सांगितलं, ती म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंस." आता एका दवाखान्यात नावं नोंदवायचं काम करते, चालत जाते. त्या माणसाचं पुन्हा दर्शन झालेलं नाही, पण तोच ठराव पुढच्या बैठकीत परत येणार असं कानावर आहे. मी जाणार आहे. भीती गेलेली नाही, एवढीशीही नाही. गावात मात्र माझं नाव झालंय. मावशीने पहिल्या तोडणीच्या काकड्या पाठवल्या. बायका म्हणतात, बाईंनी एवढ्या साहेबांपुढे खुर्ची आपटली, आईवर गेली.

म्हणून हे लिहायला बसले. हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, कोणाला दाखवायचे नाहीत, लेकीलासुद्धा नाही. खरं तर हे त्या कारकुनांना सांगायला हवं. परवा बाजारात भेटले ते. पिशवी खाली ठेवून त्यांनी नमस्कार केला, तब्येत विचारली, आणि मी कांद्यांच्या भावाचा विषय काढला.

ते माझ्या शेजारी बसले होते, आई. हाताच्या अंतरावर. त्यांच्या ऐकण्यात काही चूक झाली नव्हती. मी हो म्हटलं होतं.